इंजिन बंद करताना

गाडीचं इंजिन कामाला गेलं आणि आमचे हे घरात बसले. बसले म्हणायचं आपलं. लग्न झाल्यापासून इतके दिवस सलग ते घरात कधी राहिलेच नव्हते, त्यामुळं बसायचं कसं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ट्रक यांचा स्वतःचा. कोल्हापुरातून मिळेल ते भाडं घेऊन कोकणात उतरायचं, येताना जांभा चिरा भरून घाट चढायचा, घरी आंघोळ, जेवण, झोप, की पुन्हा गाडी रस्त्यावर. मला आणि लेकीला त्यांची सवय अशीच, तुकड्यातुकड्यांची.

मी कळंब्यात दूध संस्थेत संकलनाला आहे. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, माप घ्यायचं, फॅट काढायची, पावती द्यायची. मधल्या वेळात घर. त्या दिवसांत मी संस्थेत निघाले की हेही चपला घालायचे. तिथं दारात उभं राहून बायकांची रांग लावायला लागले. "किटल्या कडंला घ्या, वाट मोकळी ठेवा," असं रस्त्यावर ट्रॅफिक अडल्यासारखं ओरडायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आमचे सेक्रेटरी एकदा म्हणाले, "वहिनी, पावण्यांना पगारावर घेऊया काय आता?" मला हसू आलं आणि रागही आला.

घरी आणखी वेगळी तऱ्हा. मिक्सर चांगला चालत होता, तो उघडला. बैठकीतला पंखा उतरवून पुसला, परत लावला, तर तो कटकट वाजायला लागला. मग ती कटकट ऐकत खाली उभे. जेवायला बसले तरी दोन घासांनंतर ताट हातात घेऊन दारात जायचे. लेक बारावीला, तिचा अभ्यास चाललेला. ती म्हणाली, "आई, पप्पांना एका जागी बसव की गं. ते फिरतात आणि माझं डोकं गरगरतं." मी काय बसवणार? मी स्वतःच वाट बघत होते, इंजिन कधी तयार होतंय आणि हे कधी एकदाचे जातायत. घराबाहेर एखादी गाडी थांबून तिचं इंजिन बंद झालं, की हे दचकल्यासारखे मान वळवायचे. मला वाटायचं, आपली गाडी उभी आहे म्हणून दुसऱ्याच्या गाडीकडं जीव ओढतोय.

इंजिनाचं काय झालं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं होतं. घाट चढताना पाण्याचा पंप गेला, पाणी सगळं वाहून गेलं, इंजिन तापलं आणि जाम झालं. दुसऱ्या गाडीनं ओढत, टोचन करून, गाडी आणली. त्यापलीकडं मी विचारलं नाही. गाडी म्हटलं की असलं काहीतरी चालायचंच.

इंजिन दिलं होतं उचगावच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये. नवे लायनर, नवे पिस्टन, क्रँक घासून आणलेला. आमच्या ओळखीचे बाकीचे ट्रकवाले नवं केलेलं इंजिन सरळ गाडीत बसवतात आणि सुरुवातीला हळूहळू चालवून मोकळं करतात. यांनी मात्र हट्ट धरला, की आधी डायनोवर, म्हणजे इंजिन तपासायच्या मशीनवर, चालवून दाखवा, मगच गाडीत घालू. वर्कशॉपवाला म्हणाला, त्यात उगाच वेळ जाईल. हे म्हणाले, "जाऊ दे की. रस्त्यावर काय व्हायचं ते हितंच होऊ दे." दिवसभर घरात उड्या मारणारा माणूस वेळ गेला तर जाऊ दे म्हणतोय, याचं मला नवल वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

ज्या दिवशी इंजिन डायनोवर घ्यायचं होतं, त्या दिवशी सकाळी मी संस्थेतून येते तोवर हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. म्हणाले, "तू पण चल."

"मी येऊन काय करू?"

"काय न्हाय. बसायचं. चल की."

असं त्यांनी मला कधी कुठं बोलावलं नव्हतं. लग्नाकार्याला जायचं तरी मी आणि लेक पुढं, हे मागून गाडी लावून येणार. मी संध्याकाळचं संकलन एकीला बघायला सांगितलं आणि मोटारसायकलवर मागं बसले. वाटेत हे सारखे बोलत होते. लायनरबद्दल, रिंगांबद्दल, तेलाबद्दल. रोजच्या ओळखीचा रस्ता, तरी वर्कशॉपचं वळण चुकून पुढं गेले आणि परत फिरावं लागलं.

डायनोची खोली वर्कशॉपच्या मागच्या अंगाला होती. मधोमध एका लोखंडी घोडीवर आमचं इंजिन बसवलेलं, निळ्या रंगानं रंगवलेलं. ते इतकं मोठं असेल असं मला वाटलं नव्हतं. इंजिनाच्या मागच्या तोंडाला एक दांडा जोडून तो दुसऱ्या एका गोल, जाडजूड मशीनला लावला होता. तोच डायनो. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला, पाण्याच्या नळ्या इकडून तिकडं गेलेल्या, आणि जाड काचेपलीकडच्या छोट्या केबिनमध्ये काट्यांच्या तबकड्या.

ते सगळं बघणारा मिस्त्री निपाणीकडचा. घरी कानडी बोलणारा, फोनवरही कानडीच. मला त्यानं पहिल्यापासून अक्काच म्हटलं. माझ्यासाठी खुर्ची पुसली, कानात घालायला कापूस दिला आणि बोट दाखवत समजावलं. "हे बघा अक्का, हितं इंजिन नुसतं फिरवायचं न्हाय. हे मशीन पाण्याच्या जोरानं त्याला अडवतंय. म्हंजे गाडी माल घिऊन चढ चढायलीय असं इंजिनाला वाटतंय. आधी थोडं ओझं, मग जरा जास्त, मग पुरं."

"पहिल्याच दिवशी पुरं?" मी विचारलं.

"द्यावंच लागतंय. नुसतं रिकामं फिरवलं तर रिंगा बसत न्हाईत. मग इंजिन जन्मभर तेल पितंय."

त्यानं बटण दाबलं. इंजिन एकदा धापलं, दुसऱ्यांदा धापलं आणि सुरू झालं. सुरुवातीला वाटलं, एवढाच आवाज असेल तर कापूस कशाला? मग त्यानं वेग वाढवला आणि माझ्या पायांखालची फरशी थरथरायला लागली. काचेवर ठेवलेला हात मी काढून घेतला. तापलेल्या नव्या रंगाचा वास केबिनपर्यंत यायला लागला. मिस्त्री मधूनच आत जायचा, इंजिनाच्या खालून बॅटरीनं बघायचा, कुठं तेल गळतंय का बोट फिरवून पाहायचा, परत यायचा. मला त्यातलं कळत नव्हतं, पण सगळं ठीक चाललंय एवढं त्याच्या चालण्यावरून दिसत होतं.

हे एकदाही खुर्चीला टेकले नाहीत. सुरुवातीला मिस्त्रीच्या मागं मागं आत जात होते. मिस्त्रीनं हातानंच बाहेर व्हा म्हणून खूण केली. मग काचेला नाक लावून उभे. पण मला दिसलं ते वेगळंच. ते इंजिनाकडं बघतच नव्हते. नजर सगळी काट्यांवर. त्यातही तेलाच्या दाबाचा एक काटा होता, तो जरा थरथरला की यांचा हात शर्टाच्या बटणाकडं जायचा. बटण काढायचं, लावायचं. मी खूण करून विचारलं, काय झालं? त्यांनी मान हलवली, काही नाही.

बराच वेळ असं चाललं. मग मिस्त्रीनं वेग हळूहळू उतरवला, थोडा वेळ तसंच फिरू दिलं आणि स्टॉपची दांडी ओढली. इंजिन थांबलं. एवढ्या आवाजानंतर एकदम शांत झालं, की कानच गेल्यासारखं वाटतं. सगळे काटे खाली आले. तेलाचा काटाही हळूहळू शून्यावर येऊन टेकला. इंजिन बंद झाल्यावर तो यायचाच. पण माझ्या शेजारी खुर्ची पडल्याचा आवाज झाला, आणि मी वळून बघते तर हे दारातून बाहेर गेलेले.

मिस्त्री म्हणाला, "पावणं कुठं पळालं? हेडचे बोल्ट परत टाईट करायचे हायत, तेवढ्यासाठी बंद केलं. झालं न्हाय अजून."

मला वाटलं लघवीला गेले असतील. थोडं थांबले, मग बाहेर आले. अंगणात नाहीत, नळावर नाहीत. मोटारसायकल होती तिथंच. गेटच्या बाहेर येऊन बघितलं, तर हे रस्त्याच्या कडेनं हायवेच्या दिशेनं चाललेले, भराभर, कुणीतरी मागं लागल्यासारखे. मी हाका मारल्या. वळून बघेनात. उन्हात मी पळत गेले, लोक बघत होते, आणि मागून शर्ट धरून ओढला तेव्हा कळलं की यांच्या कानात कापूस तसाच आहे.

"कुठं चाललाय तुम्ही?"

त्यांनी कापूस काढला. माझ्याकडं बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. "कुठं न्हाय," म्हणाले, आणि परत चालायला लागले. मग मीही बाजूनं चालले. काय करणार? थांबले असते तर ते पुढं गेले असते.

चालता चालताच त्यांनी सांगितलं. माझ्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत.

"त्या दिवशी क्लीनर नव्हता बरोबर. त्याच्या घरात कार्य होतं, एकटाच गेलतो. चिरा भरला, जरा जास्तच भरला. घाटात निम्म्यावर आलो आणि इंजिन धरलं. खट करून. काय कळायच्या आत गाडी उभी. आणि मागं सरकायला लागली."

"मग?"

"ब्रेक मारला. धरला ब्रेकनं. पण ब्रेक हवेवर असतोय. इंजिन चालू असलं तर हवा भरत राहणार. इंजिनच बंद, तर टाकीत हाय तेवढीच. आणि कुठंतरी गळत होती. समोर हवेचा काटा. खाली यायलाय. मी पाय दाबून धरलाय आणि काटा खाली यायलाय. हँडब्रेक ओढला, तो काय एवढ्या ओझ्याला पुरतोय? उतरून चाकाखाली उटी लावावी म्हटलं, दगड ठेवावा, तर पाय काढायचा कसा?"

मागून एक डंपर आला. त्याच्या आवाजात ते थांबले. डंपर गेल्यावर परत बोलले.

"आरशात बघितलं तर मागं एसटी. अगदी चिकटून. भरलेली. पुढच्या सीटवर एक म्हातारी खिडकीतून बाहेर बघायलेली. एसटीवाला हॉर्न मारतोय. त्याला काय माहीत? त्याला वाटलं मी वाट अडवून बसलोय. मी आरडतोय, उटी लावा, उटी लावा, आणि काच बंद. एका हातानं काच खाली करायला लागलो, पाय तसाच. कंडक्टर खाली उतरला. मला शिव्या घालायला उतरलता तो. दारापाशी आला आणि माझं तोंड बघितलं. मग पळाला. कठड्याचे निसटलेले दगड उचलून उचलून चाकाखाली टाकले त्यानं. एसटी मागं घेतली. झालं."

"आणि काटा?"

"काटा पार तळाला. पाय काढता येईना मला. कंडक्टरनं वर चढून माझा पाय हातानं उचलून बाजूला केला."

मला आधी काय वाटलं असेल तर राग. एवढं होऊन हा माणूस घरी आला, जेवला, लेकीला कॉलेजचं विचारलं, आणि मला म्हणाला इंजिन गेलं.

"मला सांगायला काय झालतं?"

"काय सांगायचं? काय झालंच न्हाय की. कुणाला खरचटलं पण न्हाय."

खरंच काही झालं नव्हतं. आम्ही आणखी थोडं चाललो आणि एका रसाच्या गाड्यापाशी थांबलो, कारण मला धाप लागली होती. मी दोन ग्लास सांगितले. यांनी ग्लास हातात घेतला आणि म्हणाले, "मला वाटलतं, हितं बंद खोलीत, सगळी माणसं असताना, इंजिन चालू होताना आणि बंद होताना एकदा बघितलं की जाईल डोक्यातनं. म्हणून डायनोचा हट्ट धरला. तर काटा खाली आला आणि माझा पाय आपोआप दाबला गेला. जमिनीवर."

"मला कशाला आणलं मग?"

"एकटा आलो असतो तर मोटारसायकल घिऊन पळालो असतो," म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. मिस्त्री विचारत होता, बोल्ट टाईट झाले, तेल बघितलं, चालू करू काय? हे माझ्याकडं बघत राहिले. मी फोन घेतला आणि म्हटलं, "करा चालू. मी आलोच."

मग यांना म्हटलं, "तुम्ही बाहेर थांबा. मी बसतो आत. काटे मला कळत न्हाईत, पण कुठला वर हाय आणि कुठला खाली एवढं दिसतंय की."

पुढचा सगळा वेळ मी त्या केबिनमध्ये बसले. मिस्त्रीला मी काही सांगितलं नाही. यांना उन्हानं चक्कर आलीय एवढंच म्हटलं. तो कानडीत काहीतरी पुटपुटला आणि कामाला लागला. आता ओझं वाढत होतं, तसा आवाज नुसता मोठा होत नव्हता, जाड होत होता. आतून कुणीतरी जोर लावतंय असा. भिंतीतून बाहेर गेलेला पाइप लालसर दिसायला लागला तेव्हा मी घाबरून मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं अंगठा दाखवला. मी तेलाच्या काट्यावरची नजर काढली नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी नाही. मधूनच मी उठून बाहेर जायचे आणि यांना सांगायचे. हे अंगणात फेऱ्या घालत होते, जुन्या इंजिनांचे सांगाडे पडलेले त्या भिंतीपासून गेटपर्यंत आणि परत.

"हाय तसाच हाय काटा."

"पाणी?"

"पाणी गरम हाय, पण मिस्त्री म्हणतोय तेवढं पायजेच."

"धूर?"

"तो तुम्हीच बघा की. तुमच्याच बाजूला येतोय."

त्यांनी मान वर करून बघितलं. पाइपमधून धूर येत होता, पण पातळ. सकाळपेक्षा खूपच कमी. ते बघत उभे राहिले, आणि मी आत पळाले, कारण मला काटा सोडून फार वेळ राहवेना. माझं मलाच कळलं, की मी यांच्यासारखीच करायला लागले आहे. खुर्चीवर टेकते, उठते, पदर खोचते, काढते.

दुपार कलली तसा मिस्त्री म्हणाला, "झालं अक्का. उत्तम बसलंय. आता वेग उतरवतो आणि बंद करतो. मालकांना बोलवा, बंद करायच्या आधी एकदा ऐकू दे त्यांना."

मी बाहेर जाऊन सांगितलं. वाटलं नाही म्हणतील. पण आले. आत मात्र आले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून, काट्यांकडं पाठ करून उभे राहिले. मिस्त्रीनं वेग उतरवला. जाड आवाज पातळ झाला. मग त्यानं दांडी ओढली आणि सगळं थांबलं. चौकट धरलेली यांची बोटं मला दिसत होती. पाय जागचा हलला नाही.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "परत चालू करा."

मिस्त्री म्हणाला, "कशाला? झालं की."

"करा हो एकदा."

त्यानं केलं. परत बंद केलं. आता हे वळून काट्यांकडं बघत उभे होते. काटा खाली आला. यांनी गुडघ्यावर हात ठेवून पाय हलू नये म्हणून हातानंच धरून ठेवला.

"आणखी एकदा."

"पावणं, डिझेल काय फुकट येतंय व्हय?" मिस्त्री आता खरंच चिडला. "इंजिन हाय का खेळणं? माझं दुसरं इंजिन चढवायचं हाय हितं."

"आणखी एकदा. शेवटचं. बंद मी करतो."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं इंजिन सुरू केलं आणि बाजूला झाला. हे पुढं गेले, दांडीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले, इतका वेळ की मला वाटलं आता ओढणारच नाहीत. मग ओढली. शांत झाल्यावर त्यांचा श्वास मला ऐकू आला. पाय तेव्हाही दाबला गेला होता, मी बघितलं. थोडासा.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. इंजिन गाडीत बसलं, हवेची नळी बदलली, हँडब्रेक नवा केला, तरी हे दोन-तीन भाडी नको म्हणाले. सपाटीवरची घेतली, पेठ वडगावला, जयसिंगपूरला. मग एकदा कोकणातलं भाडं आलं आणि यांनी रात्री जेवताना विचारलं, "तुला रजा मिळंल काय?"

क्लीनरही होता बरोबर, तरी मी गेले. पायाशी लाकडाचे दोन ठोकळे ठेवले होते, उटी म्हणून. हे मुद्दाम दिवसाउजेडी निघाले. उतार ठीक गेला. येताना गाडीत चिरा होता. या वेळी मापातच भरलेला. घाट सुरू झाला तसा मी एक ठोकळा उचलून मांडीवर घेतला. क्लीनर हसला. इंजिन तोच जाड आवाज काढायला लागलं. तो मला ओळखीचा होता. हे सारखे बोलत होते, लेकीच्या परीक्षेबद्दल, संस्थेच्या सेक्रेटरीबद्दल, कशाबद्दलही. मी ऐकत नव्हते. प्रत्येक वळणाला मला वाटायचं, हेच असेल. कठडा निसटलेला दिसतोय का म्हणून मी बघायचे, तर कितीतरी ठिकाणी निसटलेला होता.

शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अहो, ती जागा कुठली?"

"कुठली?"

"तीच की."

"ती व्हय? ती मघाशीच मागं गेली," म्हणाले, आणि गियर बदलला.

वर पोचल्यावर गाडी कडेला घेतली. हे उतरले, पाणी बघितलं, तेल बघितलं, चाकांना हात लावून आले. क्लीनर चहा सांगायला गेला. मी खाली उतरले तर ठोकळा अजून हातातच. माझा फोन वाजला. संस्थेतून होता, फॅटचं मशीन बंद पडलंय, उद्या सकाळी लवकर येता काय म्हणून. मी येते म्हटलं. यांनी दुकानासमोर बाकडं धरलं होतं आणि माझ्यासाठी जागा ठेवून ते चहात बिस्किट बुडवत होते.